गरम पाण्याची हिरवी घागर

माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडच्या माणसाला सोनं ओळखता आलं नाही तरी चालतं, पाणी ओळखता यायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळा संपवून घरीच होते आणि पाणी आणणं हेच माझं काम होतं. या विहिरीचं मचूळ, त्या विहिरीचं जड, ओढ्यातल्या झऱ्याचं हलकं पण गढूळ, टँकरचं म्हणजे लोखंड चाटल्यासारखं. डोळे बांधून घोट दिला असता तरी कुठलं पाणी ते मी सांगितलं असतं. वडील म्हणायचे, "हिची जीभ लय तिखट हाय, बोलायला बी आन् पाण्याला बी." सासरी गेल्यावर त्यातल्या पहिल्या गुणाचा बोभाटा झाला, दुसऱ्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

सासर सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या गावात. आम्ही जैन. माहेरी पाण्याचीच ओढाताण, त्यामुळं पाणी गाळून प्यायचं एवढाच नियम जेमतेम पाळला जायचा. सासरी मात्र पाणी हा देव्हाऱ्याइतकाच सोवळ्याचा विषय होता. त्या सोवळ्याच्या मालकीण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सगळं घर अव्वा म्हणायचं, मीही म्हणू लागले.

अव्वा परसातल्या आडाचं पाणी स्वतः शेंदायच्या. दुहेरी फडक्यातून ते गाळायच्या. मग ते फडकं उलटं करून त्यावर थोडं पाणी घालायच्या आणि ते पाणी हलक्या हातानं परत त्याच आडात सोडायच्या, कारण फडक्यात अडकलेल्या जिवांना त्यांच्या घरी पोचवायला हवं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची ही एवढी काळजी बघून मला आधी हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं. गाळलेलं पाणी तांब्याच्या हंड्यात उकळायचं. उकळलेलं पाणी आठ प्रहर चालतं, दुसऱ्या दिवशी नवं. घरात दुसरं पाणी प्यायला मिळायचंच नाही.

अव्वांचा आणखी एक नेम होता. चवीबद्दल बोलायचं नाही. खारट, अळणी, गोड, कडू, काहीही ताटात पडो, तोंडातून अक्षर काढायचं नाही. नवी नवरी असताना मी एकदा आमटीत दोनदा मीठ घातलं. आमच्या ह्यांनी पहिल्या घासालाच ताट सरकवलं. अव्वांनी वाटी संपवली, वर थोडी आमटी मागून घेतली. मी शरमेनं मेले. पण त्यात मला धीर देण्याचा भाग नव्हता, ते नंतर कळलं. जिभेचं ऐकायचं नाही, हे त्यांनी तरुणपणीच ठरवलं होतं.

आता ह्यांच्याविषयी. घरचं दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचं. सासरे गेल्यावर ह्यांच्या हाती आलं. ह्यांना नव्याची भारी हौस. सांगलीला गेले की तिथल्या दुकानांतून प्लॅस्टिकच्या बादल्या, मग, घागरी बघून यायचे आणि संध्याकाळच्या जेवणाऐवजी त्यांचंच वर्णन आम्हाला वाढायचे. एका दिवाळीला त्यांनी टेम्पो भरून माल आणला. लाल, निळ्या, हिरव्या घागरींची दुकानापुढं उतरंड लागली. बाया आधी टिचक्या मारून बघायच्या, मग काखेत घेऊन बघायच्या, आणि काखेत घेतलेली बाई ती खाली ठेवायची नाही. घरचं पितळ मोडीत घालून बाया प्लॅस्टिक घेऊन गेल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, माझी कंबर वाचवलीस, तुझं लय भलं हुईल." दोन दिवस ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि त्या बायांचं काही चुकत नव्हतं, हे मी आजही म्हणते. भरलेला तांब्याचा हंडा ज्यानं कधी उचलला नाही, त्यानं प्लॅस्टिकला नावं ठेवावीत.

त्याच हिवाळ्यात अव्वांचा पाय परसात घसरला. हंडा हातातच होता, तो सोडायचं सोडून त्यांनी धरून ठेवला. उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण वाकडं. ह्यांनी ते मनाला फार लावून घेतलं. आई तांब्याच्या वजनानं पडली आणि आपल्या दुकानात फुलासारख्या घागरी पडून आहेत! दुसऱ्या दिवशी हे दुकानातली सगळ्यात जाड, गडद हिरवी, घट्ट झाकणाची घागर घेऊन आले. हंडा माळ्यावर टाकला. उकळायला एक पातळ पत्र्याचं पातेलं ठेवलं. म्हणाले, "अव्वा, आता हंड्याला हात लावायचा न्हाई. माझी आण हाय तुला." अव्वांनी वाकड्या हातानं घागरीवरून हात फिरवला आणि हसल्या. ती दोघं तशी बसलेली मला अजून दिसतात. मायलेकांत इतकी माया होती की मला कधीकधी हेवा वाटायचा.

घोळ पुढं झाला, आणि तो आमच्यासारख्याच घरात होऊ शकला असता. बाकीच्या गावानं त्या घागरीत गार पाणी भरलं. आमच्याकडं उकळलेलं. उकळलेलं पाणी निवायला उघडं ठेवलं तर त्यात चिलट पडेल, माशी पडेल, जीव जाईल. म्हणून अव्वा पाणी चुलीवरून उतरलं की तसंच वाफाळतं घागरीत ओतायच्या आणि झाकण घट्ट लावायच्या. हंड्यात ते चालून जायचं. प्लॅस्टिकची घागर मात्र पहिल्याच दिवशी मऊ पडली. तिच्या बुडाला फुगवटा आला, जमिनीवर ठेवली की डुलायला लागली. अव्वांनी तिच्याखाली चुंबळ ठेवली. झालं.

पहिला घोट घेतला आणि मी पेला खाली ठेवला. चपलांच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा वास. चव त्याहून वाईट, घशात मागं चिकटून राहणारी. मी म्हणाले, "आवं, ह्या पाण्याला वास येतोय." हे पेलाभर पाणी माझ्यासमोर गटागटा प्याले. "कुठाय वास? नव्या वस्तूला असतोच थोडा. जाईल दोन दिसांत."

दिवसभर त्या उतरंडीत बसणाऱ्या माणसाला कसला येतोय वास! ह्यांच्या सदऱ्याला, केसांना, नोटांना तोच वास होता. हे मला कळत होतं, पण बोलून उपयोग नव्हता. बोलायला सोय नव्हती असंही म्हणता येईल, कारण उन्हाळ्याच्या तोंडालाच मला दिवस गेले. त्यानंतर मी नाक मुरडलं की ह्यांना उत्तर तयार असायचं: "डोहाळं लागल्यात." पाण्याला वास येतो म्हटलं, डोहाळे. घोट पोटात ठरत नाही म्हटलं, डोहाळे. घागरीचं बुड फुगलंय, हात लावून बघा म्हटलं, तर हसून म्हणाले, "तुझ्यासंगट तिला बी दिवस गेल्यात वाटतं." एरवी मीही हसले असते. त्या दिवशी मला पेला फेकून मारावासा वाटला.

कारण मला भीती वाटत होती. प्लॅस्टिकमधून काही सुटतं, ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, असलं काही तेव्हा आम्हाला कोण सांगणार? डॉक्टरांनाही ठाऊक नसावं. पण ज्या जिभेनं दुष्काळात घरादाराला नासक्या पाण्यापासून वाचवलं होतं, ती म्हणत होती, हे पिऊ नकोस. मी पिईनाशी झाले. तहान मारायची, ताकावर भागवायचं, शेजारी कुणी पाणी दिलं तर नियम मोडून प्यायचं. ओठ फुटले, चक्कर यायला लागली. पाणी प्यावं तर बाळाची काळजी, न प्यावं तरी बाळाचीच. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, ते माझ्या बाबतीत अगदी शब्दशः होतं.

अव्वा सगळं बघत होत्या. आषाढात एका दुपारी हे दुकानात गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. धान्याच्या कणगीमागून एक छोटा तांब्याचा तांब्या काढला, झाकणावर फडकं बांधलेला. म्हणाल्या, "पी."

मी प्याले. सगळा तांब्या एका दमात प्याले. चांगलं पाणी पिताना रडू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे तुझं पाणी. रोज ह्यात काढून ठेवत जाईन," त्या म्हणाल्या. "त्या पाण्याला वास येतो, मला ठावं हाय."

"तुमाला येतो?" मी बघतच राहिले. "मग तुमी का पिताय, अव्वा?"

"मी जीभ सोडलीया गं. तिचं ऐकायचं न्हाई असा नेम हाय माझा."

"मग मला तरी कशाला हे वेगळं?"

त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. "नेम मी घेतलाय. त्या जिवानं कुठं घेतलाय?"

मी म्हणाले, मग ह्यांना सांगू, हंडा खाली काढू, तुम्हीही हेच पाणी प्या. त्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "पोरगं हौसेनं घिऊन आलंय. माझं मनगट मोडलं तर चार दिस जेवलं न्हाई ते. आन् दुकानात तोच माल भरलाय. आईच पीत न्हाई म्हटल्यावर काय वाटंल त्याला? तू बोलायचं न्हाईस. माझ्या गळ्याची आण हाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. दिसत नाहीत त्या जिवांना आडात परत सोडणारी बाई स्वतःच्या जिवाला मात्र एवढी कठोर. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ज्वारी निवडायला लागल्या.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. अव्वा दरवर्षी ते दहा दिवस उपवास करायच्या. अन्न नाही, दिवसातून एकदाच उकळलेलं पाणी. बाकी माणसं पाण्याबरोबर चार घास खातात, अव्वांच्या पोटात त्या दहा दिवसांत पाण्याशिवाय काही जाणार नव्हतं, आणि ते पाणी हिरव्या घागरीतलं. मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो मागं सारला, माझ्या हिश्शाचं पाणी त्या घेणार नव्हत्या. मग मी दोन तांबे भरीन म्हटलं. तर म्हणाल्या, "घागर भरलेली तशीच ऱ्हायली तर त्याला कळल." पाचव्या दिवसापासून त्यांच्या पोटात जळजळ सुरू झाली. पारण्याच्या दिवशी त्यांना ओकारी झाली. ह्यांनी सांगलीहून डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके कडक उपवास झेपत नाहीत. सगळ्यांना पटलं. मलाही नाही म्हणता येईना.

मार्गशीर्षात मला मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, खणखणीत रडणारी. मी तिची बोटं पुन्हा पुन्हा मोजली. अव्वांनी तिच्या तोंडाला पाणी लावलं ते तांब्यातलं, फडक्याच्या टोकानं.

बाळंतपणानंतर मला वाटलं, आता तरी डोहाळ्यांची सबब उरली नाही. अव्वांची आण होती त्यांच्याविषयी न बोलण्याची, माझ्याविषयी नव्हती. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की हे पाणी बाळाला द्यायचं नाही, मी पिणार नाही, घागर चांगली नाही. हे दुखावले. "सारी पेठ माझ्या घागरीतनं पाणी पिती. कुणाला काय झालंय? तुलाच बरा वास येतो?" मग जरा वेळानं, माझी समजूत काढावी म्हणून, "फुगलीया जरा, व्हय. दुसरी आणतो." आणि आणलीही. नवी घागर म्हणजे पुन्हा नवा वास. पुढच्या वर्षात बुड फुगलं की हे नवी घागर आणायचे, मोठ्या प्रेमानं.

आता माझं वय अव्वांच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. हल्ली पेपरात येतं की प्लॅस्टिकमधली काही रसायनं पाण्यात उतरतात, पाणी गरम असेल तर जास्त उतरतात, हलक्या, पुन्हा वितळवून केलेल्या मालात काय काय असेल त्याचा भरवसा नसतो, गर्भार बाईनं जास्त जपावं. मुलगीच मला वाचून दाखवते. मी तिला ते पुन्हा वाचायला लावते. त्या घागरी कशाच्या होत्या देव जाणे. अव्वांना जे झालं ते त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. मला म्हणता येत नाही. उपवास होते, वय होतं. तपासायला ना ते पाणी उरलंय ना ती घागर. पण "त्यानं नाहीच झालं" असंही मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही, आणि या दोन्हींच्या मध्ये मी इतकी वर्षं आहे. बारीक जीव धरणारं दुहेरी फडकं आमच्याकडं होतं. घागरीतून जे येत होतं ते त्या फडक्याच्या नंतर येत होतं.

दुसऱ्या चातुर्मासानंतर अव्वा खंगत गेल्या. अन्न जाईना. डोळे पिवळे झाले. मिरजेच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आहे म्हणून सांगितलं, औषधं दिली, आणि ह्यांना बाजूला घेऊन आशा ठेवू नका म्हणाले. अव्वा अंथरुणाला खिळल्या. आता त्यांना हवं ते पाणी देणं माझ्या हातात होतं, आणि मी चोरून तांब्यातलं द्यायला लागले होते, पण ह्यांनी दुकानच बंद केलं. आठवडाभर आईच्या उशापासून हलले नाहीत. मला हात लावू देईनात. पाणीही हे स्वतःच पाजायचे, चमच्यानं, हिरव्या घागरीतलं. मी दोनदा म्हणाले, मी देते. दोनदा मला गप्प केलं.

मग ती संध्याकाळ आली. ऊन उतरत होतं. अव्वांना ग्लानी होती, कधी ओळखायच्या, कधी नाही. ह्यांनी एक हात मानेखाली घालून चमचा ओठांना लावला. अव्वांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं करून बाहेर थुंकला. ह्यांना वाटलं पाणी फार गरम आहे. दुसरा चमचा फुंकून दिला. अव्वांनी मान फिरवली, दात घट्ट मिटले, लहान मूल औषधाला करतं तसं. शुद्धीवर असताना ज्या नेमानं त्या दोन वर्षं ते पाणी गिळत होत्या, तो नेम आता सांभाळायला त्यांच्यात कुणी उरलं नव्हतं. उरली होती फक्त जीभ.

पाणी किती गरम आहे बघावं म्हणून ह्यांनी तोच चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

ह्यांनी आठवडाभर दुकानात पाय ठेवला नव्हता. सदरा धुतलेला होता, त्याला दुकानाचा वास उरला नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी तो घोट तोंडात धरला, गिळवेना, टाकवेना. मग गिळला.

"हे असंच लागतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"पैल्या दिसापासनं."

"अव्वाला कळत हुतं?"

मी आण मोडली. "कळत हुतं," म्हणाले.

हे उठले. माळ्यावरून हंडा काढला. हिरवा पडलेला हंडा चिंच आणि राखेनं घासला, मला हात लावू न देता. आडाचं पाणी शेंदलं. आयुष्यात कधी पाणी गाळलं नव्हतं, फडकं कसं धरायचं तेवढं मला विचारलं. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून जीव आडात सोडायला विसरले नाहीत. चूल पेटवली, धूर डोळ्यांत गेला, डोळे पुसत बसले. पाणी उकळेपर्यंत सूर्य मावळला.

सूर्य मावळल्यावर अव्वा पाणीही घेत नसत. हे चमचा घेऊन गेले, तर त्या नेमक्या शुद्धीवर आल्या होत्या. दाराकडं बघितलं, अंधार दिसला आणि मान हलवून नाही म्हणाल्या. ह्यांनी विनवलं, हात जोडले, आजाऱ्याला दोष नसतो म्हणाले. अव्वांनी ओठ मिटून घेतले.

सकाळी ऊन उंबऱ्यावर आल्यावर ह्यांनी हंड्यातलं पाणी चमच्यानं दिलं. अव्वांनी घेतलं. आणखी एक घोट घेतला. तिसरा गिळून झाल्यावर त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. आम्ही दोघांनी त्यांच्या तोंडून ताटातल्या कशाबद्दल कधी एक शब्द ऐकला नव्हता.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

हे चमचा टाकून परसात गेले. आडाच्या काठाशी बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, आणि मी हाक मारली तरी उठले नाहीत. उरलेलं पाणी अव्वांना मी पाजलं.